तो शिर्डीला आला तेव्हा

मी कबड्डी खेळायचे. चढाई करायचे. आधी जिल्ह्याच्या संघात, मग राज्याच्या आणि शेवटची काही वर्षं देशाच्या. पण पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात किंवा नगरच्या बाजारात कुणी मला ओळखलं, तर पहिला प्रश्न खेळाचा नसतो. "ताई, भेटला का तुमचा हिरो?" असं विचारतात.

सुरुवात झाली एका मुलाखतीतून. परदेशातून पदक घेऊन आलो तेव्हा विमानतळावर टीव्हीवाल्या मुलीनं आम्हा सगळ्यांना विचारलं, आदर्श कोण? कुणी आई म्हणालं, कुणी प्रशिक्षक. मी एका सिनेमातल्या नटाचं नाव घेतलं. खरं होतं ते. लहानपणी जत्रेतल्या तंबूत मी त्याचा पहिला सिनेमा पाहिला होता. मारामारीचा प्रसंग होता. चारी बाजूंनी गुंड चालून येत होते आणि हा नुसता उभा. ते हाताच्या अंतरावर आले तेव्हा कुठं त्याचा हात चालला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर चढाईला गेले आणि समोरच्या मुलींच्या घोळक्यात तशीच उभी राहिले. त्या गोंधळल्या. एकीनं उगाच पाऊल पुढं टाकलं, तिला शिवून मी परत आले. पुढं माझा सगळा खेळ त्यातूनच घडला. चढाईत थांबणारी पोरगी म्हणून मला ओळखू लागले.

मुलाखतीनंतर मात्र मी चढाईपटू उरले नाही, त्याची चाहती झाले. सत्काराला शालीबरोबर त्याचा फोटो मिळायचा. त्याचा सिनेमा पडला की पत्रकार मला फोन करायचे. तो कुठं काही वेडंवाकडं बोलला की लोक मला जाब विचारायचे, जणू मीच बोलले. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन खेळ सुटला, खेळाडू कोट्यातून नगरच्या सरकारी कार्यालयात नोकरी लागली, तिथंही साहेबांनी पहिल्या दिवशी माझी ओळख करून दिली ती याच शब्दांत. आई वैतागायची. "त्यो काय तुज्या मामाचा पोरगा हाय का? ज्याला त्याला त्याचंच पडलंय." आणि तरी मला तो आवडायचा. लोकांपुढं नाही म्हणता येत नव्हतं आणि हो म्हणायचाही कंटाळा आला होता.

मागच्या वर्षी तो साईबाबांच्या दर्शनाला शिर्डीला येणार असल्याचं कळलं. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, हॉटेलातच कार्यक्रम ठरवून टाकला. त्याच्या हस्ते माझा सन्मान. मला विचारलं नव्हतं, सकाळी दाराशी गाडीच आली. भाऊ फोनवर म्हणाले, "ताई, देशाची जर्सी घाला. फोटो लई भारी येईल."

जर्सी आता अंगाला घट्ट होत होती. ती घालून मी हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत बसले. खाली रस्ता माणसांनी भरला होता. फुलांच्या दुकानांच्या पत्र्यांवरही पोरं चढली होती. खोलीच्या खिडक्या कायमच्या बंद, काच सरकत नव्हती. वीज गेली की एसी बंद पडायचा आणि नव्या रंगाचा वास कोंडायचा. मी उठून दार उघडलं तर बाहेर भाऊंचा माणूस उभा.

"कुठं निघालात?"

"जरा खाली. हवा लागंल."

"नका जाऊ ताई. खाली गेलात की गर्दी परत वर येऊ देणार न्हाई. भाऊ माझ्यावर ओरडतील."

मी पुन्हा आत आले. आईचा फोन येत राहिला. भेटला का? काय म्हणाला? जेवलीस का? दुपारचं जेवण टळून गेलं. ताटलीतल्या वड्यांना हात लावावासा वाटेना. गुडघा आखडला होता म्हणून पलंग आणि खिडकी यांच्यामधल्या जागेत येरझाऱ्या घालत होते. आयुष्यभर ज्याला पाहायची आस धरली, तो याच इमारतीत कुठंतरी होता आणि मला फक्त घरी जायचं होतं.

ऊन उतरता उतरता दार उघडलं आणि तोच आत आला. त्याच्या मजल्यावर लोक घुसले होते, म्हणून रक्षकांनी त्याला मिळेल त्या खोलीत आणलं. रक्षक बाहेर थांबले. तो पलंगाच्या कडेला बसला, बूट काढले. पाय सुजलेले होते. पडद्यावर दिसायचा त्यापेक्षा खूप थकलेला होता. मनात मी त्याला कायम अरेतुरे करायचे. समोर बसल्यावर जीभ वळेना.

"पाणी देऊ तुम्हाला?"

तो मुंबईत वाढलेला, मराठी बरी बोलायचा. पाणी पिऊन त्यानं माझ्या जर्सीकडं पाहिलं. "तुम्हीच का त्या कबड्डीवाल्या? मला कुणी ना कुणी तुमची ती मुलाखत पाठवत असतं."

"हो."

"त्रास होतो का माझ्या नावाचा?"

खोटं बोलायला ती वेळ नव्हती. "होतो," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली, वाईट वाटल्यासारखं काही दिसलं नाही. मग मी त्याला त्या पहिल्या सिनेमातल्या मारामारीचं विचारलं. तो तसा का उभा राहिला होता, ते कुणी शिकवलं होतं?

तो सुजलेला पाय चोळत म्हणाला, "त्या दिवशी माझा गुडघा गेला होता. पाऊल उचलता येत नव्हतं. चित्रीकरण थांबवणं परवडणार नव्हतं, म्हणून दिग्दर्शक म्हणाले, तू उभा राहा, बाकीचे येतील तुझ्याकडं."

मला हसू आलं. त्यालाही तेव्हा जागचं हलता येत नव्हतं. मी पायजमा वर ओढून ऑपरेशनचा व्रण दाखवला. त्यानं डॉक्टरासारखं वाकून पाहिलं आणि विचारलं, "जिना उतरताना दुखतं ना?"

"उतरतानाच."

तेवढ्यात भाऊ आत आले. गर्दी हॉटेलचं दार ढकलत होती, पोलीस हैराण झाले होते. कार्यक्रम रद्द, त्याला स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं बाहेर काढायचं ठरलं होतं. "ताई, तुमी तेवढ्यात पुढच्या गॅलरीत जा. हात हलवा. लोक पुढं सरकतील, मागचं दार मोकळं हुईल."

मी त्याच्याकडं पाहिलं. तो बूट चढवत होता. "नको वाटत असेल तर जाऊ नका," तो म्हणाला. मी गेले.

गॅलरीत पाऊल टाकल्यावर खालून मोठा गलका उठला. तो मागून येणार असं समजून लोक पुढं लोटले, मोबाईल वर झाले. मी हात हलवत राहिले. जरा वेळानं कुणीतरी ओरडलं, गेला, मागनं गेला. मग शिट्ट्या आणि शिव्या. एक चप्पल कठड्याला येऊन लागली. माझ्यामागचं दार भाऊंच्या माणसानं लावून घेतलं होतं, लोक आत घुसतील म्हणून. गर्दी पांगेपर्यंत मी तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले.

आमचा दोघांचा एकही फोटो निघाला नव्हता. गावात कुणाचा विश्वास बसेना. आईनं मात्र विचारलं, "कसा हाय गं त्यो?"

"थकलाय," मी म्हणाले. गुडघ्याचं तेवढं तिलाच सांगितलं.

भाऊंनी नंतर मला बोलावणं सोडलं. मला बरं वाटलं. यंदा त्याचा नवा सिनेमा आला, त्यात तो नायकाच्या बापाच्या भूमिकेत होता. मी तोंडाला ओढणी बांधून आईला घेऊन नगरला दुपारच्या खेळाला गेले. मध्यंतरापर्यंत निवांत पाहिला. दिवे लागले, आई पाणी मागायला लागली, पाणीवाल्या पोराला हाक मारायला म्हणून मी ओढणी सोडली.

"ताई, तुमी असनारच की," मागच्या रांगेतला एक जण म्हणाला. मग रांगच उठून आली. दिवे पुन्हा गेले तरी फोटो संपेनात. मला खुर्च्यांच्या मधून हलायला जागा नव्हती आणि पाठ पडद्याकडं होती. मागून त्याचा आवाज येत होता, कुणाला तरी काही समजावत होता. मी मोबाईलच्या उजेडात डोळे बारीक करून हसत उभी होते, आणि आई पलीकडून सांगत होती, "तुज्याच मागं हाय त्यो. बघ की वळून."

"जरा इकडं बघा ताई," कुणीतरी म्हणालं.