केदाची छत्री

पंचेचाळिशीत मोहिनी अहिरे ट्रायथलॉनच्या नादाला लागली, आणि अख्ख्या भावकीला एकाएकी तिच्या तब्येतीचा कळवळा आला. पोहणं, सायकल, पळणं, सगळं एकाच दिवशी सलग! शर्यत मे महिन्यात होती, म्हणून ती एप्रिलभर नाशकात मुद्दाम भर दुपारी पळायची. नामपूरहून थोरला भाऊ केदा फोन करकरून सांगायचा, "लय ऊन हे, घरात बस."

शर्यतीच्या दिवशी तो छत्री घेऊन स्वतःच हजर झाला. मोहिनीने सकाळी धरणात पोहून घेतलं, त्र्यंबकच्या रस्त्यावर सायकलच्या खेपांवर खेपा घातल्या आणि दुपारी ती पळायला लागली. तेव्हा मात्र केदाने तिला अडवलंच.

"पुरे आता. ऊन लागून मरशील."

मोहिनी थांबली. बाटलीतलं पाणी तिने डोक्यावर ओतलं.

"दादा, मी अन् आई मे महिन्यात दिवसभर रानात कांदे काढायचो, तेव्हा हे ऊन कुठं गेलं होतं? तू निंबाखाली बसून आमच्या पाट्या मोजायचास. आता छत्रीखाली उभा राहा आणि माझ्या फेऱ्या मोज. अजून दोन आहेत."