मशीनवरचा नारळ

मी तोंडाची फटकळ आहे, हे आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे. रेशनच्या रांगेत कुणी मधे घुसलं की बायका मलाच पुढे करतात. कंपनीत पॅकिंगला लागले तेव्हा कॉन्ट्रॅक्टरनं पहिल्याच आठवड्यात हात जोडले होते, "ताई, जरा हळू." एवढं तोंड असून भावाच्या वेळेला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. ते अजून मनातून जात नाही.

आमचं गाव मुरबाडच्या एमआयडीसीपासून सायकलच्या अंतरावर. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, त्यामुळे भाऊ रोज नजरेसमोर. तो माझ्याहून लहान आणि स्वभावानं अगदी उलटा. कुणी धक्का दिला तर हाच आधी सरकून जागा देईल. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत तो मोल्डिंगचं मशीन चालवायचा आणि मी तीच झाकणं खोक्यांत भरायचे. दोघंही कॉन्ट्रॅक्टवर. कॉन्ट्रॅक्टवर म्हणजे काही महिने झाले की 'ब्रेक' मिळतो. थोडे दिवस घरी बसायचं, मग पुन्हा नवीन माणूस म्हणून लागायचं, म्हणजे आम्हाला पर्मनंट करा असं कुणाला म्हणता येत नाही. भाऊ त्या कंपनीत किती वेळा नवीन झाला, याचं त्याचं त्यालाच हसू यायचं.

गेल्या वर्षी कंपनीनं मागच्या बाजूला नवी शेड बांधली. नवी लाइन येणार, भरती होणार, स्थानिकांना आधी घेणार, असं गेटवर आणि चहाच्या टपरीवर रोज चाललेलं असायचं. त्याच सुमारास किन्हवलीकडचं एक स्थळ आलं. मुलगी शिकलेली, हसरी, चटपटीत. भावाला एवढी आवडली की तिला बघून येताना त्यानं मोटारसायकल आमच्या फाट्याच्या पुढे नेली, मला पाठीत गुद्दा घालून वळवायला लागली. मुलीचे वडील मात्र सरळ बोलले होते. "पोरगा चांगला हाय, शेत बी हाय. पन पर्मनंट हाय का? तेवढं झालं का कळवा, आमी थांबतो." त्यांचं काय चुकलं? माझ्या पोरीसाठी मीही हेच विचारलं असतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कंपनीत मशीनं धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात आणि प्रत्येक मशीनपुढे ते चालवणारा माणूस नारळ फोडतो. एक वाटी मशीनपाशी ठेवायची, दुसरी घरी न्यायची, अशी रीत आहे. गेल्या वर्षी नव्या शेडमधल्या मशीनची पहिलीच पूजा होती. मोठे साहेब आले, इकडेतिकडे बघितलं आणि भावाला हाक मारली. "ये रे, तूच फोड." त्यानं एका घावात नारळ फोडला, दोन सरळ वाट्या झाल्या. टाळ्या वाजल्या. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी पॅकिंगच्या बायकांत उभी होते. "झालं गो तुझ्या भावाचं काम," शेजारची म्हणाली, आणि माझे डोळे भरून आले.

काम झालं असं साहेब काही म्हणाले नव्हते. पण आमच्याकडे चारचौघांत मानाचा नारळ हातात दिला की शब्द दिल्यासारखंच असतं. त्यावर पुन्हा विचारायला जाणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं. म्हणून कुणीच विचारलं नाही. आईनं ती वाटी नव्या रुमालात बांधली आणि मीच ती किन्हवलीला घेऊन गेले. मुलीच्या वडिलांनी ती कपाळाला लावून देवापुढे ठेवली. आतून बांगड्यांचा आवाज आला, म्हणजे पोरगी दाराआड उभी होती. मी मुद्दाम मोठ्यानं बोलले.

थोड्याच दिवसांत नव्या लाइनवर बाहेरगावची पोरं आली, डिप्लोमा झालेली. यांना जरा मशीन समजावून दे, असं भावाला सांगितलं, आणि त्यानं मन लावून शिकवलं. दिवाळी सरली आणि त्याला ब्रेक मिळाला.

मी तरातरा ऑफिसात गेले. तिथले साहेब चक्क उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली, चहा मागवला. "ताई, त्याचं काम उत्तमच आहे. पण या लाइनला डिप्लोमाच लागतो, वरून तसं आलंय."

"मग नारळ?" मी म्हटलं.

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "अहो, तो पूजेचा होता ना."

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, माझ्या हातात काही नाही. गेटवर भावाच्या हाताखाली शिकलेला एक पोरगा भेटला, तो म्हणाला, "दादा परत कधी येणार? मला अजून त्यांच्याकडून शिकायचंय." आता कोणावर ओरडू? एक जण वाकडं बोलला असता तरी बरं झालं असतं, दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. सगळेच गोड. मी पॅकिंगला जाऊन उभी राहिले, कारण माझी रोजीही तिथलीच.

किन्हवलीला सांगायलाही मीच गेले. कुणी टाकून बोललं नाही. मुलीच्या आईनं आमचा रुमाल धुऊन घडी करून ठेवला होता. रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात ओंजळभर तांदूळ घालून दिला. ती माणसं तरीही उन्हाळ्यापर्यंत थांबली. मग आसनगावहून कल्याणला नोकरीला जाणाऱ्या एका मुलाशी पोरीचं लग्न लागलं. भावाला कळलं तेव्हा तो गोठा धूत होता. धुतलेला गोठा त्यानं परत धुतला. "जाऊ दे ताय, तिला तरी बरं मिळालं," एवढंच बोलला.

ब्रेकनंतर त्याला परत घेतलं. मशीन तेच, नव्या शेडमधलं, पण आता तो हेल्पर. ऑपरेटर म्हणजे तोच, गेटवर भेटलेला पोरगा. यंदाच्या खंडेनवमीला त्यानं नारळ भावाच्या हातात दिला. "दादा, तुम्हीच फोडा. माझ्यापेक्षा हे मशीन तुमचंच." मनापासून म्हणाला, खोटं कशाला सांगू. भावानं फोडला. यंदाही दोन सरळ वाट्या.

संध्याकाळी आईनं वाटी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "यंदा बी त्यालाच फोडाया लावला नं?"

"हां," मी म्हटलं.

"मंग यंदा नक्की होतंय. मोठ्या लोकांच्या ध्यानात हाय तो."

"आई, खोवून टाक भाजीत," भाऊ म्हणाला. तिनं ऐकलं नाही. फळीवरून तोच रुमाल काढला, वाटी त्यात ठेवली आणि मला म्हणाली, सरळगावकडं एक पोरगी हाय, पोरगा पर्मनंट हाय का म्हनून विचारत होते. भाऊ उठून अंगणात गेला. मी बोलायला तोंड उघडलं. आई माझ्याकडेच बघत होती, तोंडभर हसत. गेल्या दिवाळीनंतर ती अशी हसली नव्हती.

मी रुमालाची गाठ मारली आणि विचारलं, "कोनाच्या घरी देऊ?"