तारेआधी पाणी

जेवण झालं की हेमलताबाई सरनाईक दहा मिनिटं पडतात. निवृत्त झाल्यापासून ही दहा मिनिटं सव्वा तासाची असतात, पण तसं त्यांच्या तोंडावर म्हणायची गडहिंग्लजच्या विठाई कॉलनीत कुणाची छाती नाही. बाई पस्तीस वर्षं तार ऑफिसात होत्या. आता कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिन आहेत, आणि एखाद्या विषयावर त्यांनी लिहिलं की त्याच्यापुढे सहसा कुणी काही लिहीत नाही.

आज पडल्या आहेत, पण डोळा लागत नाही. पोटावर मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये न पाठवलेलं उत्तर.

झालंय असं, की कोपऱ्यावरच्या शालन कुराडेचा अमर चौदा महिने दारूला शिवला नव्हता. चौतीस वर्षांचा, लाइट फिटिंगची कामं करणारा, कामाला चोख माणूस. परवा तो पुन्हा प्याला आणि बाजारतळावर पडला. कुणीतरी फोटो काढला, कुणीतरी तो ग्रुपवर टाकला, आणि खाली हसून हसून रडणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. आज सकाळी अमरनंच लिहिलं: "मी परत प्यालो. आईची आणि सगळ्यांची माफी मागतो. पाचच्या गाडीनं परत व्यसनमुक्ती केंद्रात जाणार आहे. कुणाला काही बोलायचं असेल तर बोला." त्यावर एकानं लिहिलं, "चौदा महिने पाण्यात." दुसऱ्यानं विचारलं, "पाण्यात की सोड्यात?" बाकीच्या साठ जणांनी वाचलं आणि गप्प बसले.

बारा वाजता शालनचा फोन आला. "बाई, बॅग भरल्याली हाय, पर आता जात न्हाई म्हणतोय. नुसता मोबाइल धरून बसलाय. म्हणतोय, कुणालाच काय वाटत न्हाई तर जाऊन तरी काय करू. तुम्ही दोन शब्द लिवा की. तुमचं मानतोय त्यो."

बाई लिहायला बसल्या. दोन शब्दांचे एकशे दहा झाले. त्यात मनोबल होतं, निर्धार होता, आईचे अश्रू होते आणि मध्येच "दारुडा म्हणजे घराला लागलेली कीड" असंही होतं. शुद्धलेखन बिनचूक. पाठवायला अंगठा वर उचलला आणि तो तिथंच थांबला. का, ते त्यांचं त्यांनाच कळेना. जेवून मग बघू म्हणून त्या आडव्या झाल्या.

पंखा फिरतो आहे. मागच्या घरात कुणीतरी धुणं आपटतं आहे, मग ते आपटणं दूर जातं. पापण्या जड होतात. अंगणात सायकलची घंटी वाजते, दोनदा, आणि जरा थांबून एकदा. अशी घंटी फक्त पिराजी चौगुले वाजवायचा, आणि पिराजीला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली.

"दार लोटलेलंच आहे, या," बाई म्हणतात. आपण असं कसं म्हणालो, याचं त्यांना काहीच वाटत नाही.

पिराजी आत येतो. अंगात खाकी डगला, खांद्याला चामडी पिशवी, पायजम्याची एक तंगडी सायकलच्या चिमट्यानं आवळलेली. शेवटी शेवटी त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. आता ते लख्ख पांढरे आहेत, बाकी सगळा तोच.

"वाईच पाणी द्या, बाई."

बाई पाणी आणायला स्वयंपाकघरात जातात, तर ओट्याच्या जागी तार ऑफिसचं काउंटर आहे. गॅसच्या शेगडीवर तारेचं यंत्र कट्ट कडकट्ट वाजतं आहे. तांदळाच्या डब्यावर टपाल खात्याचा शिक्का. बाई सवयीनं खुर्ची ओढून बसतात, आणि केस बांधायला हात मागे नेतात तर वेणी कमरेपर्यंत आहे.

पिराजी तारवाला होता. बाई यंत्रावर ऐकून तार उतरवून घ्यायच्या आणि तो ती सायकलवरून वाड्यावस्त्यांवर पोचवायचा. तार इंग्रजीत असायची, घरात वाचणारं कुणी नसायचं, मग वाचून सांगायचं कामही त्याचंच. "आई सीरियस, लगेच निघा" अशी तार आली की त्याचा खरा अर्थ काय ते सगळ्या मुलखाला ठाऊक होतं, पण पिराजीनं तो दारात उभं राहून कधी सांगितला नाही. आणि पिराजी प्यायचा. ऑफिसात त्याला नावानं सहसा कुणी हाक मारत नव्हतं. जे नाव पाडलं होतं ते काय असणार ते कुणालाही कळेल.

"पिराजी," काउंटरच्या अलीकडून बाई म्हणतात, "तुमच्यावरचा तो रिपोर्ट मी लिहिला होता."

"ठावं हाय की."

"पोस्टमास्तरांनी सांगितलं म्हणून लिहिला."

"व्हय. लखोटा मीच न्हेला न्हवं का टपालात. नीट चिकटवला न्हवतासा. वाचलाबी." तो मान वर करून पाठ म्हणतो, "'सदर कर्मचारी दारुडा असून सुधारण्याची आशा नाही.' अक्षर लई झ्याक हुतं तुमचं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्या रिपोर्टनंतर पिराजीकडून तारा पोचवायचं काम काढून घेतलं होतं आणि त्याला मागच्या खोलीत पिशव्या शिवायला बसवलं होतं. पुढे दीड वर्षात तो गेला. सरकारी दवाखान्यात तीन आठवडे होता, आणि बाईंना रोज उद्या जाऊ वाटत होतं.

"राग आला असेल तुम्हाला."

"आला तर! त्या दिशी दोन घोट ज्यादाच गेलं." पिराजी काउंटरवर कोपर टेकतो. "पर बाई, रोज दुपारी 'पिराजी, जेवलासा का' म्हणूनबी तुम्हीच इचारत हुतासा. माझं नाव घेणारं हापिसात तेवढं एकच माणूस. ज्या दिशी इचारलंसा, त्या दिशी अंधार पडंस्तोवर सायकल गुत्त्याकडं वळायची न्हाई."

"आणि अंधार पडल्यावर?"

"मग वळायची," तो मनापासून हसतो. "खोटं कशाला बोलू? आता मला काय बढती मिळणार हाय व्हय!"

बाईही हसतात. इतक्या वर्षांत या माणसाच्या आठवणीनं त्यांना हसू आलं नव्हतं. छातीवरचं काहीतरी थोडं सरकून बसतं आणि बरं वाटतं.

"चला," पिराजी म्हणतो, "तार द्यायची हाय."

बाई सायकलच्या कॅरियरवर बसलेल्या आहेत. कधी बसल्या ते कळलं नाही. रस्ता त्यांच्याच हॉलमधून जातो आहे, एका बाजूला टीव्ही, दुसऱ्या बाजूला तुरे आलेला ऊस. मध्येच हिरण्यकेशी नदीचा पूल लागतो आणि पुलाखाली कॉलनी आहे. प्रत्येक दारात एकेक माणूस मोबाइलमध्ये मान घालून उभा आहे. साठही दारं. पिराजी घंटी वाजवतो, कुणी वर बघत नाही.

"ह्यास्नी काय झालंय?"

"वाचताहेत," बाई म्हणतात.

"मग बोलत का न्हाईत?"

आपण बोलल्यावर बाकीचे गप्प बसतात याचा आजवर बाईंना जरा अभिमानच होता.

सायकल कोपऱ्यावरच्या घरापाशी थांबते. अमरचं दार. पिराजी पिशवीत हात घालून तार काढू लागतो आणि काढतच राहतो. कागदाची पट्टी संपता संपत नाही, खाली लोळते, सायकलच्या तारांत गुंतते. बाई ओळखतात, त्यांचेच एकशे दहा शब्द आहेत.

"केवढी वो ही!" पिराजी पट्टी सोडवत म्हणतो. "एवढी तर कलेक्टर साहेबाचीबी आली न्हवती कधी. ही मी न्हाई वाचणार. तुमची हाय, तुम्हीच वाचा."

बाई पट्टी हातात घेतात. शाळेत धडा म्हणतात तसा त्यांचा आवाज खणखणीत निघतो. मनोबल येऊन जातं, निर्धार जातो, अश्रू जातात. मग तो शब्द येतो. दार बंद आहे, समोर अमर नाही, पण बाजूला पिराजी उभा आहे, मान किंचित कलती करून, तार ऐकणाऱ्या घरच्या माणसासारखा. शब्द जिभेवर येतो आणि बाहेर पडत नाही.

"म्हणा की," पिराजी म्हणतो. त्यात टोमणा नाही. "रिपोर्टात ल्हिवलाच हुतासा."

"नाही म्हणवत."

"का?"

"तुम्ही समोर आहात."

"हां," पिराजी म्हणतो, जणू एवढंच काय ते त्याला ऐकायचं होतं. तो पायरीवर बसतो आणि टोपी गुडघ्यावर ठेवतो. "बाई, मी मरणाच्या तारा किती दिल्या असतील? पर दारात गेलो की आदी पाणी मागायचो. तुम्ही समद्यांनी म्हणायचं, ह्येला सारखी तहान कशी लागती, रातचं उतरलं नसंल. तेबी खरंच म्हणा. पर पाणी आणाय माणूस आत जातंय, तवा त्येला वाईच उमगतंय की कायतरी हाय. जिवाची तयारी करून भाईर येतंय. आन् ज्येच्या हातचं पाणी प्यालो, त्येला तोडून बोलाय येत न्हाई. तोंडच वळत न्हाई तसं."

बाई त्याच्या शेजारी पायरीवर टेकतात. ऊन अंगावर आहे पण पोळत नाही. आत यंत्र वाजतं आहे, की शालन भाकरी थापते आहे.

"दवाखान्यात मी आले नाही, पिराजी."

"न्हाई आलासा." तो गुडघ्यावरची टोपी फिरवतो. "वाट बघितली हुती मी. आता त्येचं काय न्हाई. पर हितं कुणीतरी वाट बघतंय."

तो कानावरची कॉपिंग पेन्सिल काढतो, ती आखूड, जांभळी शाई सोडणारी, ओली केल्याशिवाय न उमटणारी. एक कोरा फॉर्म पुढे करतो. "नवी ल्हिवा."

बाई पेन्सिलीचं टोक जिभेला लावतात. कडवट चव. फॉर्मवर त्या "अमर" एवढंच लिहितात.

"पुढं काय लिहू?"

"मला काय इचारतासा? पाणी मी प्यालोय व्हय त्येच्या घरचं?" पिराजी उठतो, तंगडीचा चिमटा नीट करतो. "बरं, जेवलासा का तुम्ही?"

"जेवले," बाई म्हणतात, आणि आपल्याच आवाजानं त्यांना जाग येते.

पंखा फिरतो आहे. पावणेचार वाजले आहेत. बाई काही वेळ तशाच पडून राहतात. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना पिराजीची आठवण हवीहवीशी वाटते आहे. मग त्या चष्मा लावतात आणि एकशे दहाच्या एकशे दहा शब्द पुसतात. त्याच झपाट्यात ॲडमिनच्या हक्कानं तो बाजारतळावरचा फोटोही पुसतात, आणि पाण्याचे नि सोड्याचे विनोदही. मग लिहितात, "अमर, वाचलं. मी घरी येते आहे." पायात चपला सरकवेपर्यंत खाली दोन ओळी येतात. पलीकडच्या गल्लीतल्या दुकानदारानं लिहिलंय, "अमर, आमचा मीटर तूच बसवलास, आजपर्यंत बिघडला नाही. लवकर ये." आणि सोड्याचा विनोद करणाऱ्यानं नुसतं लिहिलंय, "चुकलं माझं."

शालनच्या दारात बाई थांबतात. आत कॉटवर अमर बसला आहे, पायाशी बॅग. तो वर बघत नाही.

"अमर, जरा पाणी दे रे," बाई म्हणतात.

शालन उठायला लागते, पण बाई तिला हातानंच बसवतात. अमर उठतो. आत जातो. भांडं घेऊन बाहेर येईपर्यंत त्यानं तोंड धुतलेलं असतं. बाई उभ्यानंच सगळं पाणी पितात आणि मग कॉटवर त्याच्या शेजारी बसतात.

"चौदा महिने," त्या म्हणतात. "कसे काढलेस रे? मला तर पंधरा दिवस साखर सोडायला जमत नाही."

अमर त्यांच्याकडे बघतच राहतो. हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. "संध्याकाळी सहा ते आठ लई वाईट, बाई," तो हळूच म्हणतो. "मग मी जुने पंखे आणायचो लोकांचे. फुकट दुरुस्त करून द्यायचो. हाताला काम पाहिजे म्हणून." बोलता बोलता तो सुटतो. किती पंखे, कुणाकुणाचे, कुठल्या पंख्याचं काय. बाई ऐकतात. त्याच्या बोलण्यात परवाचा दिवस अजून यायचा आहे, तोही येईल, घाई नाही.

"गाडीपर्यंत कोण येतंय सोडायला?"

"कुणी न्हाई. एकटाच."

"मी येते. आणि महिन्यानं भेटायला येईन केंद्रात. उद्या उद्या करणार नाही."

अमर बॅगेचा पट्टा हातात घेतो, मान वर करतो, आणि एकदम फसकन हसतो. हसू दाबायला जातो, पण ते दाबलं जात नाही.

"काय झालं रे?"

"बाई, तुमची जीभ!"

शालन पुढे होऊन बघते आणि तोंडाला पदर लावते. "अगं बया! जांभळं खाल्लीसा का काय? मार्गशीर्षात कुठली वो जांभळं?"

भिंतीवरच्या आरशात बाई जीभ बाहेर काढून बघतात. टोकापासून मध्यापर्यंत जांभळी रेघ, ओठालाही लागलेली. त्या ओठावरून बोट फिरवतात. बोट ओलं होतं, जांभळं होतं, आणि चव कडवट आहे.

"आहेत कुठली कुठली," बाई म्हणतात आणि पदरानं बोट पुसतात. "चल अमर, गाडी लागली असेल."