फुकटातले रविवार

खांद्यावरचं उपरणं झटकायचं, त्याची लांब सुबक घडी घालून ती पुन्हा खांद्यावर टाकायची आणि गॅलरीच्या कठड्यावर जेवणाच्या डब्याचं झाकण बडवायचं. मग शेजारच्या भाऊजींची हाक, "चला की वो! बघायला काय लागतंय?"

रविवारी सोलापुरातल्या गिरण्यांचे भोंगे गप्प असत, पण आमच्या चाळीची झोप काही पुरी होत नसे. मी पांघरुणातूनच पुटपुटायची, "झालं, वाजला यांचा भोंगा!" आणि म्हणता म्हणता उठून वेणी घालायला बसायची. आमचे हे शाळेत कारकून. आठवड्यातून एकदा निवांत वर्तमानपत्र वाचावं, एवढीच त्यांची हौस. झाकण वाजलं की ते कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "या माणसाला दुसरा कामधंदा नाही का?" आणि असं म्हणतच चपला शोधायला लागायचे.

कामधंदा होता की. भाऊजी गिरणीत कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात होते. त्यांच्या हाताला खोडच लागली होती. समोर पडलेला पुडीचा कागद असो, वाळत घातलेलं माझं लुगडं असो, हाताशी आलं की त्याची घडी व्हायचीच. एकदा बोलता बोलता त्यांनी आमच्या ह्यांचं न वाचलेलं वर्तमानपत्र चौपदरी करून ठेवलं. हे दोन दिवस धुमसत होते. भाऊजी आमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत राहायचे. मी त्यांना भाऊजी म्हणायची आणि त्यांच्या बायकोला वहिनी. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांची नावं मी सांगत नाही. तुमच्याही शेजारी असं एखादं जोडपं राहून गेलं असेल, त्यांचीच नावं घाला.

सोलापुरात फुकट बघायला आहे तरी काय, असं तुम्ही म्हणाल. बार्शीहून लग्न होऊन आले तेव्हा मीही तेच म्हटलं होतं. भाऊजींनी मला सिद्धेश्वराच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसवलं, पाण्यात चिमूटभर चुरमुरे टाकले आणि माशांची ती खळबळ अशा थाटात दाखवली, जणू मासे त्यांनीच पाळले होते. किल्ल्याच्या खंदकाकडेने ते आम्हाला फिरवायचे. मद्रासकडे जाणारी मेल बघायला रुळांजवळच्या कुंपणाशी उभं करायचे आणि डब्यातल्या एकेका चेहऱ्याची कहाणी रचून सांगायचे. "ती बघा, ती बाई. नवऱ्यावर रुसून माहेरी चाललीया. अन् पलीकडं बसलाय त्योच तिचा नवरा. समजूत घालाय माहेरापर्यंत चाललाय!" आम्ही हसून हसून कुंपणाला टेकायचो. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की उंच पाळण्याखाली थांबून म्हणायचे, "आत बसून काय दिसतंय? बसणाऱ्यांची तोंडं बघा की. मजा खालनंच."

कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकू म्हणायच्या, "मेला कवडीचुंबक! बायकोला कधी पाळण्यात बसवलंन का?" पण रविवारी सगळ्यांत आधी भाकरीचं फडकं बांधून त्याच तयार असत.

आता जे आम्हाला फार उशिरा कळलं, ते तुम्हाला आधीच सांगून टाकते. वहिनींना क्षय होता. लग्नाआधीपासून त्या गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या. खोकला धरला तसं काम सुटलं. डॉक्टरांनी सांगितलं, मोकळ्या हवेवर न्या, पाचगणीला न्या. घड्या घालणारा माणूस बायकोला पाचगणीला कुठून नेणार? तेव्हा भाऊजींनी सोलापुरातच जिथे जिथे मोकळी हवा फुकट होती, तिथे तिथे तिला न्यायचं ठरवलं. आणि एकटीला नेलं असतं तर चाळीत कुजबुज झाली असती, कुजबुज मालकाच्या कानावर गेली असती आणि खोली गेली असती. क्षयाच्या माणसाला तेव्हा दारात कुणी उभं करत नसे. म्हणून त्यांनी सगळी चाळच बरोबर घेतली. वहिनींना जगवायचं होतं आणि ते कुणाला दिसूही द्यायचं नव्हतं.

हे कळल्यावर मागचं एकेक आठवायला लागलं. कुठेही पोचलो की भाऊजी आधी चिमूटभर माती उचलून हवेत सोडायचे. माती कुठे उडते ते बघून बसायच्या जागा ठरवायचे. "तुमी समदी हितं बसा. ही तितं बसंल." वहिनी नेहमी वारा जाईल त्या अंगाला, लांब, एकट्या. आम्हाला वाटायचं, बाईला शिष्टपणा आहे. जेवायची वेळ झाली की त्यांचा रविवारचा उपवास असायचा. तोंडाशी कायम गिरणीतल्या चिंधीची घडी. "धूळ सोसत न्हाय मला," म्हणायच्या. आणि भाऊजी प्रत्येक ठिकाणी तीन दगड मांडून विस्तव पेटवायचे. "चहा टाकतो," म्हणायचे. उन्हाळ्यातसुद्धा. विस्तव पेटायचा, विझायचा, पण त्या विस्तवावरचा चहा काही आम्ही कधी प्यायलो नाही. आम्ही त्यावरून त्यांची केवढी थट्टा करायचो! ते त्यात वहिनींच्या चिंध्या जाळत होते.

वेळ अमावास्या तुम्हाला ठाऊक असेल. आमच्याकडे येळवस म्हणतात. ज्वारी कणसाला आलेली असते. शेतकरी रानात कडब्याची खोप घालतो, पांडव म्हणून पाच दगड मांडून पुजतो, "व्हलगे व्हलगे" म्हणत पिकावर आंबील शिंपडतो आणि वाटेने जाईल त्याला हाताला धरून जेवायला बसवतो. त्या दिवशी रानातून कुणी उपाशी गेलं तर रान रुसतं म्हणतात. भाऊजींना असा सण म्हणजे पर्वणीच. त्या वर्षी ते आम्हाला घेऊन होटगीच्या वाटेला लागले. ओळख ना पाळख. एका रानातून म्हातारी कानडी-मराठीत ओरडली, "बर्री, बर्री! या की वो, लई माणसं आणलीसा!" आणि आम्ही बसलोच.

काय जेवण होतं ते! शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार आंबील. आंबिलीचा एकच मोठा गडवा हातोहात फिरत होता. आमच्या ह्यांनी तर उंड्यांवर असा हात मारला की मलाच लाज वाटली. वहिनी नेहमीप्रमाणे बांधावर, वाऱ्याखाली बसलेल्या. म्हातारी गडवा घेऊन तिकडे गेली.

"पी गं माय."

"माझा उपास हाय, आजी."

"येळवशीला कसला उपास?"

"न्हाय, नगं मला."

म्हातारी जागीच उभी राहिली. तिचा चेहरा पडला. "सवाष्ण बाई तू. माझ्या रानातनं उपाशी जातीस व्हय? का गं? आमचं काय चुकलं? दोन साल पीक न्हाय, त्यात तू अशी उठून गेलीस तर माझ्या रानानं काय करावं?" तिचे डोळे भरून आले. तिने गडवा वहिनींच्या ओठापाशीच नेला. वहिनींनी तोंडावरची घडी दाबून धरली आणि मान फिरवली. त्यांना उबळ आली, आणि घडीवर लाल डाग उमटला.

भाऊजी धावले. म्हातारीचा हात धरून त्यांनी गडवा मागे ओढला. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते बोलले. हळू बोलायचं त्यांना सुचलंच नाही.

"तिला नगा पाजू त्यातनं. तिला छातीचा रोग हाय. तुमच्या लेकरांला लागंल."

काकूंनी हातातला उंडा खाली ठेवला. आपण कुणाच्या शेजारी, किती दिवस बसलो, याचा हिशेब प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होता. माझ्याही असणार.

म्हातारी मात्र खोपीत गेली आणि मातीचं एक कोरं लोटकं घेऊन आली. वरून धार धरून तिने त्यात आंबील ओतली. "हे घे. हे तुझंच. घरी घिऊन जा. पण पिल्याबिगर जाऊ नगं बाई." वहिनींनी लोटकं दोन्ही हातांत धरलं आणि सगळी आंबील प्यायल्या. इतक्या वर्षांत त्यांना खाताना-पिताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

परत येताना चाळ पुढे आणि ते दोघं मागे. पुढच्या माणसांची पावलं भरभर पडत होती.

पुढच्या रविवारी झाकण वाजलं. एकाही खोलीचं दार उघडलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा वाजलं, जरा हळू. "चला की... बघायला काय लागतंय?"

मला राहवेना. हे म्हणाले, "जाऊ नकोस. जिवाशी खेळ आहे." मी म्हटलं, "तुम्ही बसा वाचत." आणि निघाले. भीती वाटत नव्हती असं नाही. मी चांगली लांबून चालत होते. तळ्याच्या अलीकडे मागून चपलांचा आवाज आला. पाहते तो हे, वर्तमानपत्र काखेत. "तुझ्यासाठी नाही आलो," मला म्हणाले, "तळ्यावर वारा बरा असतो."

पायऱ्यांवर भाऊजींनी सवयीने माती उचलली. वहिनी म्हणाल्या, "आता लपवायचं काय ऱ्हायलं? उगं माती कशाला उधळता?"

"यांना कुटं बसवायचं ते बघाय नगं?" भाऊजी म्हणाले.

त्यांनी आम्हाला वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवलं. हे वर्तमानपत्र उघडून बसले, पण पान एकदाही उलटलं नाही.

मालकाचा माणूस त्याच आठवड्यात आला आणि खोली खाली करायला सांगून गेला. अपेक्षाच होती. चाळीला तरी काय बोलणार? घरोघरी लेकरं होती. पण जाताना त्यांना पाण्याचा तांब्याही कुणी विचारला नाही, याचा मला राग आला तो आजही आहे. भाऊजी होटगीच्या वाटेवरच्या त्या म्हातारीकडे गेले. ती म्हणाली, "खोप हायच की. ऱ्हावा." त्यांनी खोपीला बांबूंचा आधार दिला आणि दोघं तिथे राहायला गेली. भाऊजी तिथून पायी गिरणीत यायचे. गिरणीच्या रस्त्याला एकदा भेटले. मी विचारलं, "कुठे जाता आता रविवारी?" म्हणाले, "जायचं कशाला? आता रोजच मोकळी हवा हाय की."

गड्ड्याच्या जत्रेत मात्र त्यांनी वहिनींना नेलं. गर्दी व्हायच्या आत, सकाळच्या प्रहरी, दोघंच पाळण्यात बसली. भाऊजींनीच मला सांगितलं. पाळणा वर गेला तेव्हा वहिनींना आमच्या चाळीचं छप्पर दिसलं म्हणे. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "तुमचंच खरं. खालनंच बरं दिसतंय." हे सांगून भाऊजी हसले आणि हसता हसता उपरण्याची घडी मोडून पुन्हा घालायला लागले. घडी काही जमेना.

चैत्रात वहिनी गेल्या. त्यानंतर भाऊजी कुठे दिसले नाहीत. गिरणीतलं कुणी म्हणालं गावी गेले, कुणी काही.

पुढच्या येळवशीला मी ह्यांना म्हटलं, "होटगीकडे जाऊ या." मला वाटलं, नको म्हणतील. त्यांनी चपला घातल्यासुद्धा.

म्हातारीने आम्हाला ओळखलं. जेवायला बसवलं, गडवा हातात दिला आणि मग मी न विचारताच सांगायला लागली. "त्यो बी गेला की. दिवाळीच्या आदीच. ती असतानाच खोकत हुता. दोघं त्याच लोटक्यातनं प्यायची. मी म्हनलं, बाबा, तू शाना हायस, दुसऱ्याच्या लेकरांला जपतोस, तुझं तेवढं येगळं घे की. तर म्हनला, आजी, समद्यांपास्नं तिला लांब बसवली. आता घरातबी लांब बसवू व्हय?"

हे खाली मान घालून आंबील पीत राहिले. म्हातारीच्या रानात त्या साली ज्वारी उभारून आली होती, कणसं दाणेदार. पाखरं उतरत होती. ती हुसकायला म्हातारीने रानाच्या मधोमध बांबू रोवला होता आणि त्याला सुतळीने एक डब्याचं झाकण नि एक दगड टांगला होता. झाकणाची एक कड चेपलेली होती. कठड्यावर आपटून आपटून चेपलेली ती कड मी कुठेही ओळखली असती.

जेवण झालं तशी वाऱ्याची झुळूक आली आणि झाकण वाजलं.

आमच्या ह्यांच्या कपाळाला आठी पडली. ते उठले, चपलांत पाय घातले. मग आपण कशाला उठलो ते त्यांना उमगलं असावं. पण ते खाली बसले नाहीत. तसेच उभे राहिले, ज्वारीकडे तोंड करून.