संकल्पातली नदी

चि. विनायक यास, आणि आपल्या घरातून जे जे बाहेर पडले त्यांनाही,

मी गाव सोडले त्या सकाळी तू ओसरीवर बसून बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होतास. तुझे वय तेव्हा नऊ, माझे अठरा. अण्णांनी मला नदीवरून स्नान करून यायला सांगितले, देवापुढे बसवले आणि प्रवास निर्विघ्न व्हावा म्हणून संकल्प करायला लावला. 'वरदायाः पूर्वे तीरे', म्हणजे वर्धा नदीच्या पूर्व काठी, असे म्हणून मी पळीभर पाणी ताम्हनात सोडले. उठलो, तेव्हा तू विचारलेस, "दादा, आजपासून सहाव्या एकादशीला सोमवार येतो. तेव्हा येशील ना?" मी मागाहून पंचांग उघडून पाहिले. तो सोमवारच होता.

अण्णा एसटीच्या थांब्यापर्यंत आले. बस दिसू लागली तेव्हा म्हणाले, "या गावात आता एकाच भटजीपुरतं काम उरलं आहे. तू मॅट्रिक हो आणि कुठंतरी नोकरीला लाग. पाठ मात्र सांभाळ. एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की पाठ बाटला." खिडकीतून मी हात जोडले. ज्याला गणित येत होते तो मागे राहिला आणि ज्याला येत नव्हते तो परीक्षेला निघाला, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आली नाही. पुढे माझ्या मनातून ती कधी गेली नाही.

ही साठच्या दशकातली हकीकत आहे. नागपुरात महाल भागात मामांच्या दोन खोल्या होत्या. मामा टपाल खात्यात कारकून. पाठशाळेत माझे संहिता, पद, क्रम असे वेदपठणाचे अध्ययन झाले होते; इंग्रजी आणि इतिहास मी वर्षभरात पाठ करून टाकले. गणितात मार्चमध्ये नापास झालो, ऑक्टोबरमध्ये पुन्हा नापास झालो. दोन्ही वेळा गुण विशीच्या आत.

त्या दिवसांत माझे चित्त एका जागी ठरत नसे. संध्येला बसलो तरी गायत्रीच्या जपात मध्येच वर्गसमीकरण उभे राही. सकाळी उठून मी उगीच चालत सुटे. टायपिंगच्या वर्गावरून जाताना आतली खडखड कानी येई. टेरिलिनचे शर्ट घातलेली माझ्या वयाची मुले हातात फायली घेऊन घाईने कुठेतरी जात असत, आणि त्या सर्वांना जायला जागा आहे, मलाच नाही, असे वाटे. एकदा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या खिडकीपाशी उभा राहिलो. कारकुनाने विचारले, "शिक्षण?" मी म्हणालो, "क्रमापर्यंत झालं आहे." तो मान वर करून म्हणाला, "ते कारखान्यात चालते का महाराज? मॅट्रिक पास का नापास, तेवढं सांगा." मागच्या रांगेत हशा पिकला. घरी आल्यावर मामा म्हणाले, "बाळ, आता शेवटची खेप. मार्चात निघालास तर ठीक. नाही तर गावाला जाऊन काय करशील, तेही मला समजून नाही राहिलं."

मामांनीच मला मेश्राम मास्तरांकडे पाठवले. ते एका शाळेत गणित शिकवत आणि रविवारी दुपारी शहराच्या इंदोरा भागातल्या आपल्या घरी नापास मुलांना घेऊन बसत. छप्पन साली त्यांच्या घराने बुद्धाचा धम्म स्वीकारला होता. अण्णांना लिहिलेल्या पत्रात मी 'एक चांगले मास्तर भेटले आहेत' एवढेच कळवले. आडनाव लिहिले नाही.

पहिले तीन रविवार काळ-काम-वेगात गेले. चौथ्या रविवारी मास्तरांनी माझी जुनी प्रश्नपत्रिका मागवली आणि भूमितीच्या प्रश्नावर बोट ठेवले.

"ह्यात काय चुकलं असं वाटते तुले?"

"काहीच नाही, मास्तर. सिद्धता अक्षरन् अक्षर पाठ आहे."

"म्हण बरं."

मी डोळे मिटले आणि पाठशाळेत म्हणत असू तशा खड्या स्वरात म्हणू लागलो. त्रिकोण अबक, बाजू अब, कोन बअक, इतिसिद्धम्‌पर्यंत कुठेही न अडखळता. डोळे उघडले, तर मास्तर हसू आवरत डोळे पुसत होते.

"वा पंडित! पन पेपरात त्रिकोन कोनता काढला हाये? लमन! अन् तू अबकची आरती करून आला!"

"पुस्तकात अबकच आहे."

"मंग लमन काहून नाही लिहिलं गा?"

"अक्षर कसं बदलायचं?" मी कळवळून म्हणालो. "अक्षर बदललं, की पाठ बाटतो."

शब्द तोंडून गेला आणि मग मला कळले, की तो मी कोणाच्या घरात बसून उच्चारला आहे. मास्तरांनी पाटीवरचा खडू बोटांत फिरवला. मग शांतपणे विचारले, "तू पूजा सांगत असशीन. पोथीत यजमानाचं नाव छापलेलं असते का?"

"नाही. तिथं 'अमुक' असतं. अमुक गोत्र, अमुक शर्मा. समोर जो बसेल त्याचं नाव घालायचं."

"मंग तेव्हा नाही बाटत?"

मी प्रश्नपत्रिकेतल्या लमनकडे पाहिले.

"लहानपनी आमच्या गावी पाटलाच्या अंगनाबाहेर उभा राहून आयकलं हाये मी," मास्तर म्हणाले. "नाव बदलते, गाव बदलते, पूजा तीच राहते. हे अ, ब, क बी अमुकच हायेत. बीजगनितातला तो क्ष, तोही अमुक. ज्याचा त्रिकोन समोर आला, त्याचं नाव घाल अन् पुढं चाल."

त्यांनी त्रिकोण काढला आणि अक्षरेच लिहिली नाहीत. "आता बोट ठेवून सांग." मी बोट ठेवून सांगू लागलो, आणि जे वर्षभर केवळ जिभेवर होते ते पहिल्यांदा मला दिसले. ही बाजू त्या बाजूएवढी *आहे*. कोणी तसे म्हटले आहे म्हणून नव्हे.

त्या घराच्या कोपऱ्यात माठ होता. मला संकोच नको म्हणून मास्तरांनी कधी पाणी विचारले नव्हते. त्या दिवशी मी आपण होऊन मागितले. यात मोठेपणा काही नाही, विनायका. त्याआधीचे तीन रविवार मी तहानलेला तसाच सायकल मारत महालात परत गेलो होतो, आणि ते मला आजही बोचते.

मार्चच्या परीक्षेत आकृतीवर कोणती अक्षरे होती, हे आता आठवत नाही. ती आठवत नाहीत याचाच मला आनंद वाटतो. एक्केचाळीस गुण मिळाले. पुढे महाविद्यालय, मग धरमपेठेतल्या एका शाळेत संस्कृतची नोकरी, मग प्रताप नगरातले हे घर. पण तरीही परीक्षेच्या दिवसांत माझी भूक जाते, निवृत्तीनंतरही जाते.

निकालानंतर अण्णा मामांकडे आले होते, ते तुला ठाऊक आहे. तिथे काय घडले, ते मात्र मी कधी सांगितले नाही. सकाळी मी पूजेला बसलो आणि नेहमीप्रमाणे 'वरदायाः पूर्वे तीरे' म्हणालो. मागून अण्णांचा आवाज आला, "तू बसला आहेस कुठं?"

"नागपुरात."

"मग वर्धेचा काठ कसा म्हणतोस? जिथं बसलास तिथलं म्हणावं. इथली नदी कोणती?"

मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "इथं कुठली नदी आली भाऊजी? नाग नदी म्हणतात, पण नाक धरून जा लागते."

"धरू की," अण्णा म्हणाले, "प्राणायामाला नाहीतरी धरतोच." आणि माझ्याकडे वळून, "म्हण. नागनद्याः तीरे."

मी म्हणालो, आणि तेव्हापासून रोज तेच म्हणत आलो. मेश्राम मास्तरांनी भूमितीत जे शिकवले, ते मला देवापुढे सुचले नव्हते. पूजा आटोपल्यावर मी अण्णांना मास्तरांचे पूर्ण नाव सांगितले, घरही सांगितले. अण्णा बराच वेळ ताम्हनातल्या पाण्याकडे बघत राहिले. मग विचारले, "नमस्कार केलास त्यांना?"

"केला."

"बरं."

त्या 'बरं'चा अर्थ मी अजून लावतो आहे.

मला नेहमी वाटते, की त्या बसमध्ये तू बसायला हवे होतेस. तुला कोणी अमुक समजावून सांगावे लागले नसते. तुझ्या बोटांवरची गणिते गावातल्या मुहूर्तांत संपली, आणि मी ज्या गणिताला भीत राहिलो त्याच्या जोरावर शहरात राहिलो. याची क्षमा कोणी कोणाकडे मागायची, ते मला ठरवता आलेले नाही.

गेल्या चैत्रात गावी आलो, तेव्हा तू मला आपल्या देवापुढे अण्णांच्या पाटावर बसवलेस. नदी दारातून दिसत होती. मी पळीत पाणी घेतले, डोळे मिटले आणि संकल्प म्हणू लागलो. तू हलकेच माझ्या गुडघ्याला हात लावलास आणि म्हणालास,

"दादा, नदी चुकली."