निळ्या पिंपाची घसरगाडी

पंधरा नोव्हेंबर, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. पहाटे लेम्पी हार्यूनं बुटात पाय घातला तशा आतल्या प्लास्टिकच्या पिशव्या कुरकुरल्या. वरच्या बाकड्यावर झोपलेला तिचा पुतण्या डेल खदखदून हसला.

"काकू, पायात पाव घेऊन निघालीस की काय?"

"पाव खाल्ला. पिशवी उरली," लेम्पी म्हणाली. "तुझे पाय किती वाजता गारठले ते संध्याकाळी सांग."

डेलच्या बुटात बॅटरी होती. कळ दाबली की तळवे तापत. लेम्पीच्या बुटात दोन जोड लोकरी मोजे आणि त्यांच्यामध्ये पावाची पिशवी. ओल बाहेर राहते, ऊब आत राहते. कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं ओल्या फरशीवर उभी राहिलेली बाई ती. पाय कोरडे ठेवायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिचा दीर आर्ने चुलीपाशी कॉफी ओतत होता. वय चौऱ्याहत्तर, बोलणं मोजकं. तो पाठमोराच म्हणाला, "लेम्पी, यंदा ठरलंय ते लक्षात आहे ना?"

"गुडघा नवा बसवलाय, आर्ने. डोकं जुनंच आहे."

शिकारीच्या या कॅम्पच्या भिंतीवर एक फळी होती. सासऱ्यांच्या काळापासून दर वर्षी त्यावर पेन्सिलीनं लिहीत. हरण कुणी मारलं, कुणी ओढून आणलं. दोन्ही रकान्यांत एकच नाव असायला हवं, हा इथला कायदा. साठ वर्षांत तो दोनदा मोडला होता. सहा वर्षांपूर्वी लेम्पीचा नवरा एल्मर हरण ओढता ओढता टेकाडावरच्या एका देवदाराखाली दम खायला बसला, तो उठलाच नाही. ते हरण आर्नेनं आणलं. आणि गेल्या वर्षी लेम्पीच्या हरणापुढं आर्नेचं नाव लागलं, कारण तिचा गुडघा मध्येच बसला होता.

सप्टेंबरात आर्ने तिच्या घरी आला होता. उभ्या उभ्याच म्हणाला, "यंदा स्वतः आणायचं. संध्याकाळच्या वाफाऱ्यासाठी सौना तापायच्या आत. नाही जमलं तर पुढच्या वर्षीपासून घरी राहा, मांस मी पोचवीन. त्या टेकाडावरून अजून एकाला खाली आणायची माझ्यात ताकद नाही."

लेम्पी चिडली नाही. मोटारी धुणाऱ्या दुकानामागं साबणाचं एक रिकामं निळं पिंप पडलं होतं, ते तिनं फुकट उचलून आणलं. करवतीनं उभं चिरलं. पुढची कड गरम हवेनं मऊ करून वर वळवली, भोकं पाडून दोरी ओवली. खाली स्कीला लावतात ते मेण इस्त्रीनं चढवलं, तीन थर. चार वर्षांची असल्यापासून ती स्कीवर होती, मेणातलं तिला कळत होतं. मग मिठाच्या पोत्यांनी ही घसरगाडी भरून ती घरामागच्या गवतावर रोज ओढली. पन्नास पावलं, मग दहा श्वास. ऑक्टोबर संपेपर्यंत पन्नासाची ऐंशी झाली.

आता ती गाडी मागं बांधून ती अंधारात निघाली. अंगात लष्करानं निकालात काढलेली लोकरी पँट. तीन डॉलरची. कोटाच्या आत, पोटाशी, मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी. बसायला बेकरीतली मुरंब्याची बादली, झाकणावर चिकटवलेला जुन्या गादीचा तुकडा. वर नारिंगी टोपी नि बंडी. आणि एल्मरची जुनी तीस-तीस काडतुसाची बंदूक.

दलदल गोठली होती, वर वीतभर बर्फ. तिच्या पलीकडच्या काठावर ती बादली टेकवून बसली आणि हलली नाही.

आठ वाजता डाव्या हाताला डेलची बंदूक वाजली. एकच बार. "मिळालं वाटतं पोराला हरण," ती पुटपुटली. दहा वाजले. अकरा वाजले. पाय ऊबदार होते. बाराला तिनं पेस्टी काढली, अजून कोमट होती. बसून बसून कंबर आखडली, पण थंडी म्हणून वाजली नाही.

एक वाजता समोरच्या झाडोऱ्यात एक फांदी हलली. मग ती फांदी नव्हेच. शिंगं! लेम्पीच्या छातीत असं धडधडायला लागलं की तिला वाटलं त्याला ऐकू जाईल. आठ टोकांचा नर. तो दोन पावलं आला, थांबला, आडवा वळला. तिनं श्वास सोडला आणि चाप ओढला.

नर चाळीस पावलं पळाला आणि कोसळला.

"एल्मर, बघ रे!" ती मोठ्यानं ओरडली. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून परत एकदा ओरडली.

आतडी काढून, शिंगाला परवान्याची पावती बांधून, नर गाडीत चढवेपर्यंत दोन वाजले. घाम यायच्या आत तिनं कोट काढून नरावर टाकला, आडव्या दोऱ्या आवळल्या, पट्टा कमरेला लावला आणि पाऊल उचललं.

गाडी आली. नुसती आली नाही, पळत आली! गोठलेल्या दलदलीवर मेण असं सुटलं की दोनदा गाडीच तिच्या पोटऱ्यांना येऊन धडकली. ऐंशी पावलं झाली तरी दम लागेना. लेम्पी एकटीच हसत सुटली.

दलदलीच्या मध्यावर डेल भेटला. हरण वाहायची त्याची दोनचाकी नवीकोरी होती. हरणाच्या वजनानं तिची चाकं गोठलेला थर फोडून चिखलात फसली होती आणि बर्फ धरून दगडासारखी झाली होती.

"आठ वाजल्यापासून इथंच आहेस?"

"काकू, काही बोलू नकोस."

"आणि बूट?"

"बॅटरी दहालाच मेली." तो तिच्या गाडीकडं बघत राहिला. "हे काय, पिंप?"

"पिंपच. चाकं काढून टाक आणि नुसती चौकट ओढ. माझी पोचली की पाठवते." ती थांबली नाही. टेकाडापलीकडं झाडांच्या वर धूर दिसत होता. आर्नेनं सौना पेटवली होती. दगड तापायला दीड तास.

टेकाडाच्या पायथ्याशी ती आली ती ऐटीतच. दहा पावलं चढली आणि गाडी मागं निघाली. पट्टा कमरेला. लेम्पी पार्श्वभागावर आपटली आणि नरासकट पायथ्याशी येऊन थांबली.

मागून डेल ओरडला, "काकू! लागलं का?"

"अकलेला!" ती ओरडली. जन्मभर स्की चालवूनही चूक केली ती स्कीवाल्याचीच. घसरायचं मेण लावलं, चढायचा विचारच केला नाही.

डेल पळत आला. "थांब, मी मागून ढकलतो."

"हात लावशील तर बघ!"

"कुणाला कळणारे?"

"फळीला कळेल."

ती बर्फातच बसून राहिली. वर धूर दाट झाला होता. वर चौथ्या झाडापुढं एल्मरचा देवदार दिसत होता. तसंच ओढलं तर आपणही तिथंच बसणार, हे तिला स्पष्ट दिसलं. मग तिनं गाडीतली बादली उघडली. आत जुन्या बोटीची दोरी होती, वार्षिक विक्रीत एका डॉलरला घेतलेली. आणि परसात कपडे वाळत घालायच्या दोरीची कप्पी, आईच्या वेळची. कशाला घेतली ते सकाळी तिला सांगता आलं नसतं. गिरणीत टनाटनाची कागदाची रिळं त्या दोघीतिघी मिळून हलवत, ती काही दंडाच्या जोरावर नव्हे.

दोरीचं एक टोक वरच्या झाडाला. दोरी गाडीवरच्या कप्पीतून फिरवली, दुसरं टोक हातात, आणि वर चढून ओढलं. वजन निम्मं झालं. आता तेच मेण उपयोगी पडलं, गाडी कुरकुर न करता सरकत वर आली. झाडापाशी आखूड दोरीनं ती अडकवून ठेवायची, मग पुढचं झाड. पहिलं. दुसरं. तिसऱ्याला हात भरून आले. दहा श्वास. चौथं.

पाचवा एल्मरचा देवदार. तिनं बुंध्याला दोन वेढे घातले आणि ओढलं. तिथं ती बसली नाही.

खालून डेल मोजत होता, फुटबॉलच्या सामन्यात ओरडावं तसा. "सहा! काकू, सहा! अजून दोनच!"

आठव्या झाडाशी टेकाड संपलं. पुढं उतार, आणि उताराला मेण. ती अक्षरशः गाडीमागं धावत अंगणात शिरली, ब्रेक म्हणून दोरी धरून, नवा गुडघा, जुना गुडघा, दोन्ही वाकवत.

आर्ने सौनाच्या दारात उभा होता. बराच वेळ टेकाडाकडं बघत असावा, हातातली काठी त्यानं इतकी घट्ट धरली होती.

"तापली?" लेम्पीनं धापा टाकत विचारलं.

"बघू."

"खरं बघ. माझ्यासाठी खोटं नको."

आर्नेनं डावभर पाणी दगडांवर टाकलं. दगड नुसतेच चुरचुरले. वाफ अजून उसळत नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही तापली."

त्यानं तिचे दोन्ही हात धरून उलटे केले. दोरीनं तळवे लाल झाले होते, सोललेले नव्हते. चेहरा निरखला, छातीकडं बघितलं, श्वास मोजला. मग वाकून गाडीच्या तळावरून बोट फिरवलं.

"पिंपाचा दुसरा अर्धा कुठाय?"

"गॅरेजात."

"कुणाला द्यायचा नाही. तो माझा."

"करवत तू आण," लेम्पी म्हणाली. "आणि ही गाडी रिकामी करून डेलला नेऊन दे. ओढायची त्यानंच. टेकाडाखाली आला की दोरी कशी लावायची ते मीच येऊन सांगते."

पण आधी ती आत गेली. चुलीजवळची पेन्सिल घेतली आणि फळीवर पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. दोरीनं बोटं आखडली होती, दुसऱ्या रकान्यात अक्षर गिचमिड आलं. तिनं ते खोडून पुन्हा लिहिलं, नीट वाचता येईल असं.