रोपवेच्या यादीतली शेवटची दोन नावं

भूगोलाचे सर आणि मी एकाच वर्षी शाळेत लागलो आणि शाळा बंद पडली तेव्हा एकाच दिवशी घरी बसलो. मी चित्रकला शिकवायचो, म्हणून मला दुकानांच्या पाट्या रंगवायची कामं मिळाली. सरांना बरेच दिवस काही मिळेना. पन्नाशीला टेकलेला माणूस, भूगोल सोडून दुसरं काही येत नाही, त्याला कोण उभं करणार? शेवटी वहिनींच्या भावाच्या ओळखीनं ते एका प्रवासी कंपनीत चिकटले.

कंपनी स्वस्तातल्या सहली काढायची. एक बस, चाळीस-बेचाळीस माणसं, आठ दिवस. बसबरोबर सर. माणसं मोजायची, हॉटेलात खोल्या लावून द्यायच्या, कुणाची गोळी राहिली, कुणाची कवळी राहिली ते शोधायचं, आणि बस चालू असताना माइक धरून खिडकीबाहेर काय दिसतंय ते सांगत राहायचं. हे शेवटचं काम सरांना मनापासून आवडायचं. नदी इथे वळण का घेते, ह्या डोंगराचा माथा सपाट का, असं ते रंगून सांगत, तेव्हा निम्मी बस झोपलेली असे. "वर्गातही तेच होतं," ते मला म्हणाले होते. "इथे घोरतात, एवढाच फरक."

स्वस्त सहलीत एक गोम असते. ठरलेल्या पैशांत बस, खोली आणि दोन वेळचं जेवण येतं. खरं बघण्यासारखं जे असतं ते जादा सहलीत. त्याचे पैसे वेगळे. पहिल्या दिवशीच सर बसमध्ये एक कागद फिरवत. त्यावर तीन जादा सहली: बोटीनं दीपगृहाच्या बेटावर, मिठाच्या जुन्या खाणीत, आणि रोपवेनं बर्फाच्या शिखरावर. ज्याला जायचं त्यानं आपल्या नावापुढे खूण करायची. तो कागद फिरायला लागला की बसमध्ये कुजबुज सुरू होई. नवरा बायकोकडे बघे, बायको पुढच्या सीटकडे. पुढचे जातायत म्हटल्यावर मागचे जात. सर सांगायचे, वर काय बघायला मिळेल हे सहसा कुणी विचारत नाही. सगळे विचारतात, नाही गेलो तर फार काही चुकेल का?

त्या वर्षी डाव्या बाजूच्या तिसऱ्या सीटवर एक म्हातारं जोडपं होतं. काका किल्ल्या बनवायचे. एका इमारतीच्या जिन्याखाली, एक माणूस बसेल एवढ्या जागेत, अडतीस वर्षं त्यांचं दुकान होतं. बोटांच्या टोकांना कानशीचा काळेपणा कायमचा बसलेला. दुसऱ्या दिवशी हॉटेलात एका बाईच्या बॅगेचं कुलूप अडकलं. बाई रडकुंडीला आल्या होत्या. काकांनी काकूंच्या केसांतली पिन मागून घेतली, डोळे मिटून कुलपाला कान लावला आणि अर्ध्या मिनिटात ते उघडून दिलं. तेव्हापासून सगळी बस त्यांना किल्लीवाले काका म्हणायला लागली. ते कधी कुठे गेलेच नव्हते. दुकान बंद ठेवलं आणि नेमकं कुणी दाराबाहेर अडकलं तर, म्हणून. आता पुतण्या दुकान बघत होता, म्हणून निघाले होते.

कागदावर काकूंनी बोट आणि खाण दोन्हींपुढे 'नाही'ची फुली मारली होती. रोपवेपुढची जागा रिकामी सोडली होती. बोटीच्या दिवशी बाकीचे बेटावर गेले आणि ही दोघं धक्क्यावरच्या बाकावर बिस्किटं खात बसली. सर त्यांच्याशेजारी जाऊन बसले, तर काका म्हणाले, इथूनसुद्धा दीपगृह दिसतंय, फक्त जरा लहान. त्यात तक्रार नव्हती.

रोपवेला एक अट होती. कमीत कमी वीस माणसं असतील तरच कंपनीला खास दर मिळे. नाहीतर सगळ्यांचीच सहल रद्द. त्या खेपेला अठरा झाली होती. चौथ्या दिवशी सकाळपर्यंत आकडा कळवायचा होता. आदल्या संध्याकाळी कचेरीतून फोन आला की मागच्या दोन्ही खेपांना रोपवे रद्द झाला, लोकांनी तक्रारी लिहिल्या, या वेळी वीस कराच. सरांना दर माणशी मिळून मिळून किती मिळणार! पण वर्षअखेरीस कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही, ते अशाच गोष्टींवरून ठरायचं, आणि मुलीचं शिक्षण अजून दोन वर्षं बाकी होतं.

सकाळी नाश्त्याच्या खोलीत सर कागद घेऊन टेबलाटेबलांवरून फिरले. बाकीच्यांचं नाही म्हणजे नाहीच होतं. काकांच्या टेबलाशी आले, तेव्हा काकांनी पावावर लोणी लावता लावता सुरी खाली ठेवली.

"सर, तुम्ही वर जाऊन आलाय. खरं सांगा. आमच्यासारख्यांनी जावं का?"

काकू लगेच म्हणाल्या, "अहो, दोन वर्षांपूर्वी छातीचं झालं होतं ना तुम्हाला. आठ दिवस दवाखान्यात होतात."

"ते बरं झालं," काका म्हणाले. "मी सरांना विचारतोय."

सरांनी ते ऐकलं. स्वच्छ ऐकलं. सहलीच्या फॉर्मवर आजाराचा रकाना असतो, त्यात या दोघांनी 'काही नाही' लिहिलेलं त्यांना आठवलं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. नियमही तोच होता. पण शेजारच्या टेबलावरून अठरातली चार-पाच माणसं कान देऊन बसली होती, आणि काकांच्या डोळ्यांत असं काही होतं की सरांना वाटलं, हा माणूस परत अडतीस वर्षांत इथे येणार नाही.

"हजारो लोक जातात, काका," ते म्हणाले. "पाळण्यात बसायचं, वीस मिनिटांत वर. चालायचंसुद्धा नाही. मला विचाराल तर चला."

काकूंनी काकांकडे बघितलं, मग पर्समधून पेन काढून दोघांच्याही नावांपुढे स्वतःच खूण केली. वीस झाली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

वर ऊन होतं, पण वारा बोचरा होता. काकांनी काकूंचा मफलर डोक्याला गुंडाळला होता. बर्फ हातात घेतला, तोंडाला लावला, काकूंच्या तळहातावर ठेवला. इतके दिवस गप्प असणारा माणूस एकाएकी बोलायला लागला होता. मग सरांजवळ येऊन त्यांनी विचारलं, आपण इतके वर आलो, म्हणजे सूर्याच्या जवळच आलो की, मग इथे गार का?

सरांचं मी काय सांगू! सात वर्षं माइकवर बोलत होते, असा प्रश्न एकानंही विचारला नव्हता. ते खुलले. हवा जमिनीकडून तापते, वर जाऊ तशी ती विरळ होते, असं करत करत त्यांनी धडाच्या धडा शिकवला. बर्फात काठीनं आकृती काढली. काका उघड्यावर, वाऱ्यात उभे राहून ऐकत होते, मान डोलवत होते. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग काका म्हणाले, समजलं सर, जरा टेकतो. बाकावर बसले. त्यांचे ओठ निळसर झालेले सरांना तेव्हा दिसले.

पुढचं सगळं भराभर झालं आणि तरीही फार वेळ लागला. रोपवेच्या वरच्या ठाण्यातल्या खोलीत प्राणवायू होता, तो लावला. खाली न्यायचं तर पाळणा वर येईपर्यंत थांबावं लागलं. पाळण्यात काकूंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि त्या एकच वाक्य म्हणत होत्या, आलंच आता खाली, आलंच. खाली गाडी उभी होती. दवाखाना अकरा किलोमीटरवर. तिथे पोचेपर्यंत काका गेले होते.

बसला पुढे जावंच लागणार होतं. चाळीस माणसांच्या खोल्या पुढच्या गावी ठरलेल्या. पुतण्या यायला दुसरा दिवस उजाडणार होता. तोवर काकूंपाशी थांबायला कंपनीनं तिथल्या एका बाईची सोय केली. निघायच्या आधी सर दवाखान्याच्या मागच्या खोलीत काकूंना भेटायला गेले. त्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. काकांचे बूट एका पिशवीत घालून मांडीवर धरले होते.

"सर, त्या फॉर्मवर 'काही नाही' मी लिहिलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खरं लिहिलं असतं तर सहलीला घेतलं नसतं म्हणून. माझ्यामुळे झालं हे. पुतण्याला सांगू नका."

तेव्हाच सांगायची वेळ होती. मी ऐकलं होतं, तरी चला म्हणालो, एवढे चार शब्द. सर म्हणाले, "नाही सांगत." खाली बसचा हॉर्न वाजला आणि ते जिना उतरले.

उरलेले चार दिवस डावीकडचं तिसरं सीट रिकामं गेलं. सरांनी माइक हातात घेतला नाही. ड्रायव्हरनं गाणी लावली, ती कुणीतरी बंद करायला लावली. परत आल्यावर कचेरीनं अहवाल मागितला. साहेबांनी मजकूरही सांगितला: प्रवाशानं आजाराची माहिती दिली नव्हती. सर म्हणाले, तसं नेमकं नाही. साहेब म्हणाले, फॉर्मवर काय लिहिलंय तेवढंच लिहा. सरांनी लिहिलं आणि सही केली.

हे त्यांनी घरी सांगितलं नाही. वहिनी मला म्हणायच्या, हे जेवताना मध्येच थांबतात, काय झालंय काही कळत नाही. सहली चालूच होत्या. पण आता कुणी विचारलं की जावं का, तर सर म्हणत, तुमच्या डॉक्टरांना विचारा. बोटीचं विचारलं तरी तेच, खाणीचं विचारलं तरी तेच. लोक म्हणायला लागले, हा माणूस सहल न्यायला आलाय की शोकसभेला? आकडे घसरले. कचेरीनं त्यांना एका दिवसाच्या सहलींवर टाकलं.

आठ महिन्यांनी एका रविवारी ते माझ्याकडे आले आणि बाकड्यावर बसून हे सगळं पहिल्यांदा बोलले. मी दुकानाची पाटी रंगवत होतो, तो ब्रश तसाच हातात राहिला. मी म्हटलं, सर, आता सांगून काय उपयोग? ते म्हणाले, उपयोगासाठी नाही. आणि मला बरोबर चला म्हणाले.

जिन्याखालच्या दुकानात पुतण्या मशीनवर किल्ली घासत होता. काकू वरच्या मजल्यावर राहत. खोली लहान, नीटनेटकी. खिडकीत धुतलेली दोनच भांडी पालथी घातलेली. त्यांनी आम्हाला चहा दिला. त्या खूप वाळल्या होत्या. सरांनी चहाला हात लावला नाही. नाश्त्याच्या टेबलापासून सुरुवात करून, दवाखान्यातल्या खोलीपर्यंत, मग तो अहवाल, सगळं सांगितलं. वीस माणसांच्या अटीचंही सांगितलं. वाऱ्यात उभं करून शिकवत बसलो तेही.

काकू बराच वेळ पदराचा काठ बोटांनी सरळ करत राहिल्या.

"तुम्ही ऐकलं होतंत हे मला तेव्हाच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मीच तुमच्यासमोर बोलले होते की. मला वाटलं, सर चला म्हणतायत म्हणजे त्यांना जास्त कळतं." मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही एक शब्द बोलला असतात, तर आठ महिने मी एकटीनं हे ओढलं नसतं. पुतण्याच्या डोळ्याला डोळा देता येत नाही मला."

सर म्हणाले, "माझं चुकलं."

"हो," काकू म्हणाल्या. "चुकलंच."

माफ केलं म्हणाल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. आम्ही उठलो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी सरांनी कचेरीला पत्र दिलं, की अहवाल चुकीचा आहे, आजाराची गोष्ट माझ्या कानावर आली होती. एक प्रत पुतण्याच्या नावे दुकानात पाठवली. साहेबांनी पत्र वाचून परत दिलं, प्रकरण मिटलंय म्हणाले. पुढच्या महिन्यापासून सरांना बोलावणं बंद झालं. त्यांनीही विचारलं नाही. पुतण्याकडून काही कळलं नाही. त्यानं काकूंना काही विचारलं का, त्यांनी काय सांगितलं, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही.

सर सध्या एका कापडाच्या गोदामात आवक-जावक बघतात. पगार कमी, पण रोज संध्याकाळी सहाला घरी. मुलीचं शिक्षण कसंबसं पार पडलं. मी अधूनमधून गोदामात जातो. उंच कपाटांच्या मधल्या अरुंद जागेत ते स्टुलावर बसलेले असतात, समोर गठ्ठ्यांची चिठ्ठी. मागे एकदा मी सहज म्हटलं, चला, दोघं मिळून कुठेतरी चार दिवस जाऊन येऊ. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही जा," ते म्हणाले. "मला विचारू नका."